घरगाडीच्या दाराला वीज

साहेब, तुम्ही खुनी आधी ठरवलात आणि प्रेत बघायला गाडीतून उतरलातसुद्धा नाही. बुटांना चिखल लागला असता ना. काच अर्धी खाली केलीत, बोट दाखवलंत, म्हणालात, "वायरमनचा हलगर्जीपणा, घ्या आत." काच वर. एका माणसाचा निकाल लावायला तुम्हाला विडी ओढण्याएवढाही वेळ लागला नाही. तुमच्या खुर्चीला हे शोभलं असेल. आम्हाला नाही शोभलं.

म्हणून हे सगळं सांगायचं. पहिल्यापासून.

गावाबाहेरचा तो गाडीतळ म्हणजे घरगाड्यांचा मुक्काम. घरगाडी म्हणजे चाकांवरचा संसार. आत ओटा, पलंग, पंखा, मोरी, सगळं. आखून दिलेल्या जागेत गाडी लावायची, शेजारच्या खांबावरच्या पेटीत गाडीची केबल जोडायची, की घरात दिवा. त्या आठवड्यात तिथे मुठीच्या खेळाची मंडळी उतरली होती. गावोगाव तंबू ठोकायचा आणि आव्हान द्यायचं: आमच्या गड्यासमोर तीन फेऱ्या उभं राहून दाखवा. लोक स्वतःचे दात पाडून घ्यायला रांग लावतात. माणसाची खाज, दुसरं काय.

वस्ताद त्या मंडळीचा मालक. गुरू तोच, बापही तोच. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी तो नेहमीसारखा धावून आला. बूट घालून घरात पाऊल टाकायचं नाही, हा त्याचा जन्माचा नेम. बूट काढले, दारासमोरच्या नळावर पाय धुतले, ओल्या गवतात अनवाणी उभा राहिला आणि घरगाडीच्या दाराची लोखंडी मूठ धरली.

ती सुटलीच नाही.

फौजदारबाई पोचली तेव्हा तळावर दोन गर्द्या होत्या. लहान गर्दी प्रेताभोवती, मोठी पंपघराच्या भिंतीशी. बाई आधी मोठ्या गर्दीत घुसली, कारण मेलेला कुठे पळून जात नाही. हवालदाराने दोघांना मानेला धरून बाजूला केलं. तेव्हा खाली वायरमन दिसला. एक डोळा मिटून भज्यासारखा फुगलेला. ओठ फाटलेला. छातीला हात लावला की कण्हत होता. धंदेवाईक मुठींनी माणूस मळला होता, कणीक मळावी तसा.

"बाई, काल संध्याकाळी मी स्वतः टेस्टर लावला," तो रक्त थुंकत म्हणाला. "खांबाला लावला, गाडीत पण लावला. सगळं बरोबर होतं. माझ्या लेकरांची शपथ."

तेवढ्यात तुमची गाडी आली, साहेब. पुढचं सांगितलंच. तो स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढला. जाताना तुम्ही जीपमधल्या शिपायांना फर्मावलंत की दुपारपर्यंत कबुली टेबलावर पाहिजे.

हवालदार म्हातारा होत आलेला, नोकरीत मुरलेला. तो बाईला एवढंच म्हणाला, "दुपारपर्यंत तो गांधीहत्यासुद्धा कबूल करील."

बाईकडे दुपारपर्यंतच वेळ होता, आणि त्या वायरमनकडेही.

पोलिसात यायच्या आधी ती आगीच्या बंबावर होती. जळकी घरं, जळके प्लग, जळकी माणसं. ठाण्यात तिला मागून 'ठिणगी' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

वस्तादाला मुठीपासून सोडवून गवतावर निजवलं होतं. उजव्या तळव्यावर काळा चट्टा, तसाच डाव्या टाचेवर. बाईने त्याच्या धावायच्या चड्डीचे खिसे चाचपले. एका खिशात हाताला गुंडाळायच्या पट्टीचा तुकडा होता. लढायच्या आधी गडी मुठींवर सुती पट्टी आवळून घेतात, तीच. पट्टी मऊ असते. हा तुकडा मात्र शिंपल्यासारखा कडक होता, मुठीच्या गोलाईवर वळलेला. नखाने वाजवला तर टणटण वाजला. तिने तो रुमालात बांधून ठेवला.

मग खांब. पेटीत साधा स्विच होता, जास्त भार आला की पडणारा. पण त्याच्याशेजारी आणखी एक स्विच असायला हवा होता, वीज माणसाच्या अंगातून जमिनीत गळायला लागली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडणारा. त्याची जागा रिकामी होती. दोन तारा सरळ एकमेकींना पीळ देऊन जोडल्या होत्या.

तळाचा व्यवस्थापक घाम पुसत उभा होता.

"हा स्विच कुठे गेला?"

"पाऊस पडला की उडायचा, बाई. पाहुणे शिव्या द्यायचे."

"काढला कुणी? वायरमनने?"

"तो नाही म्हणाला. भांडला माझ्याशी. मग बाहेरून माणूस आणला."

"किती लोकांना माहीत होतं?"

व्यवस्थापकाने फाटकाकडे बघितलं. तिथे पाटी होती, ठळक, रंगीत: 'आमच्याकडे पावसातही वीज जात नाही.'

"जाहिरातच केलीत की," बाई म्हणाली. "माणसं मारायची सोय आहे, असं सरळच लिहायचं होतं."

तिने त्यालाही हवालदाराच्या ताब्यात दिलं. पण तिचं मन भरलं नाही. स्विच नव्हता म्हणून वीज तुटली नाही, हे खरं. पण गाडीच्या पत्र्यात ती आली कशी?

खांबाच्या सॉकेटमध्ये तिने बॅटरी मारली. एका भोकाच्या कडेला ताजी काजळी होती, बोट लावलं तर बोटाला लागली. केबल खाली चिखलात पडली होती. वस्तादाची गाडी जुनी, तिच्या केबलचा प्लगही जुन्या घडणीचा. खांबाचं सॉकेट नवं. म्हणून मध्ये अडॅप्टर, मुठीएवढा काळा ठोकळा. एका बाजूने केबलचा प्लग आत घेतो, दुसऱ्या बाजूच्या पिना खांबात जातात. बाईने पिना पुसल्या. पितळ नव्या भांड्यासारखं चमकलं.

अडॅप्टर आणि केबलचा सांधा पट्टीने घट्ट आवळलेला होता, मुठी बांधायच्या त्याच सुती पट्टीने. सांधा ढिला पडू नये म्हणून. मंडळीच्या प्रत्येक गाडीला तसंच बांधलेलं होतं. तिने पट्टी उलगडली. शेवटचा वेढा सुटला तेव्हा खाली केबलवर ओला चिखल निघाला.

बोट पँटला पुसत तिने अडॅप्टर खोलला. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, तिन्ही तारा जिथल्या तिथे. दुसऱ्या खांबाला लावून टेस्टर घातला. सगळं बरोबर.

"म्हणजे दोष या खांबाचा," हवालदार म्हणाला. "साहेब खूश."

"खांबालाही टेस्टर लाव."

लावला. तोही बरोबर. हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "अडॅप्टर धड, खांब धड. मग वस्ताद काय हसून मेला?"

तंबूत मंडळीचे गडी बाकावर रांगेने बसले होते. समोर मामा. मामा म्हणजे वस्तादाच्या बायकोचा भाऊ. एके काळी स्वतः लढायचा, आता सगळ्यांच्या मुठी बांधायचा, फुटलेल्या भुवया शिवायचा. तो एकेकाची मूठ गरम पाण्यात धुवून मलम लावत होता. वायरमनच्या हाडांवर आपटून सगळ्यांच्या बोटांचे सांधे सोलले होते. नागड्या मुठींनी मारलं की असंच होतं. मामाची बोटं मात्र भराभर चालत होती, सुईणीसारखी, मऊ आणि गोरी. मागे वाळूची मोठी गोणी टांगली होती, सराव करायची. तिच्या पोटाला फाटल्या जागी पांढरी पट्टी गुंडाळली होती.

कुणीच लाजत नव्हतं. बाईने विचारलं, वायरमनला कुणी मारलं, तर शाळेत हजेरी द्यावी तसे हात वर झाले. मामा म्हणाला की पहिला ठोसा त्याचा. सगळ्यात जास्त त्यानेच हाणला, आणि परत समोर आला तर परत हाणील. वस्ताद त्याचा मेहुणा होता, कुत्रं नव्हे. फासावर द्यायचं तर द्या.

बाईने एकेकाला बाहेर बोलावलं. पहिला हातोडा. मंडळीचा हुकमी गडी. खांदे दारात मावत नव्हते, पण डोळे मेलेल्या माशासारखे.

"केबल तू उपटलीस?"

"हो."

"आधी खांबाचा स्विच पाडलास?"

"बाई, माणूस चिकटला होता. स्विच कुठला शोधू? केबल धरली आणि ओढली."

"मग?"

"निळी ठिणगी उडाली. हे बघा." त्याच्या मनगटावरचे केस करपले होते. "केबल चिखलात फेकली आणि वस्तादाकडे धावलो."

"वायरमनवर गेलात कधी?"

"मामा ओरडला. म्हणाला, तो बघा पंपघराशी, त्याच्याच पेटीने मारलं. मग मला दुसरं काही दिसलंच नाही. सगळे गेलो."

"सगळे?"

"सगळे."

"पहाटे तुझ्या गाडीतला पंखा थांबला होता का, मध्येच?"

"नाही. मी जागाच असतो."

का जागा असतो, ते त्याने आपणहून सांगितलं. मागच्या गावात एक भट्टीवाला आव्हान घेऊन वर चढला होता. पाव भाजणारा, पोटसुट्या, हसरा. दुसऱ्या फेरीत हातोड्याचा ठोसा कानशिलावर बसला आणि भट्टीवाला उठलाच नाही. "मी त्याला जपून मारला होता, बाई. शप्पथ. पोराला चापट मारावी तसा. तरी कवटी फुटली." त्याने आपल्या मुठी मांडीखाली दाबून धरल्या, जणू त्या कुणावर सुटतील.

वस्तादाची बायको गाडीच्या पायरीवर बसली होती. गडी तिला काकी म्हणत. रडून झालं होतं, आता नुसती टक लावून दाराच्या मुठीकडे बघत होती. बाई तिच्या शेजारी बसली. काकीने सांगितलं ते असं. पहाटे पंखा थांबला. वीज गेली असं तिला वाटलं, पण लगेच परत फिरायला लागला. मग धाकट्या भावाची हाक आली.

"मामाची?"

"हो. रोज दारात उभा राहून माझ्या हातचा चहा घेतो. आज लांबूनच बोलला. म्हणाला, ताई, खाली उतरू नकोस, फार चिखल आहे, पाय घसरेल. दाजींना आंघोळीला पाणी लाव. मी विजेचा बंब लावला."

"बंब चालूच होता, वस्ताद आले तेव्हा?"

"चालूच होता. पाणी गार झालं आता."

"काल रात्री वस्ताद काही बोलले?"

"म्हणाले, सकाळी मला बरे कपडे काढून ठेव, पोलीस ठाण्यावर जायचंय. कशाला म्हटलं, तर म्हणाले, तुला झोप लागणार नाही, उद्या सांगतो." तिने बाईकडे बघितलं. "मला आता कोण सांगणार?"

बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उठली. तळाभोवती कुंपण, फाटकावर सकाळपासून शिपाई. बाहेर कुणी गेलं नव्हतं. तिने सगळ्या गाड्या झाडून घ्यायला लावल्या. गाद्या, डबे, मोरीचे पाइप. काही सापडलं नाही. हवालदार घड्याळाकडे बघत होता. ठाण्यातून एकदा निरोपही येऊन गेला, की वायरमन कबुलीच्या बेताला आलाय, बाईंनी उगाच चिखल तुडवू नये.

बाई तंबूत परतली. सगळ्यांना गोणीभोवती उभं केलं. काकीलाही बोलावलं.

"हातोडा, पुढे ये. गोणीवर हाण."

"आत्ता?"

"आत्ता. पट्टी गुंडाळलीय तिथेच."

मामा पटकन मध्ये आला. म्हणाला, पोराचे हात सोललेत, मलम ओलं आहे, हा काय चावटपणा चाललाय सुतकाच्या घरात.

"बाजूला हो, मामा," हातोडा म्हणाला. त्याला कशावर तरी हाणायचंच होतं. खांदा वळला, मूठ गेली. वाळूचा धप्प आवाज यायला हवा होता. खटकन आवाज आला, लाकडावर लाकूड आपटावं तसा. हातोडा कळवळून मागे सरला.

बाईने चाकूने पट्टी फाडली. भसाभस वाळू सांडली. वाळूबरोबर काळा ठोकळा पडला. दुसरा अडॅप्टर. त्याच्या एका पिनेचं टोक जळून काळं झालेलं.



"ऐका," बाई म्हणाली. "भार चालू असताना प्लग उपटला की ठिणगी पडते आणि पिन जळते. म्हणून आधी स्विच पाडायचा असतो. काकींचा बंब चालू होता. हातोड्याने तशीच केबल ओढली. खांबाच्या सॉकेटला काजळी लागली, याचे केस जळाले. पण चिखलात सापडलेल्या अडॅप्टरच्या पिना सोन्यासारख्या. म्हणजे हातोड्याने उपटला तो वेगळा. मला मिळाला तो वेगळा."

तिने काळा ठोकळा खोलून सगळ्यांसमोर धरला. आत लाल तारेचा एक तुकडा होता, फेजवरून उचलून थेट गाडीच्या अर्थिंगच्या टोकाला जोडलेला. जमिनीकडे जाणारी अर्थिंगची तार छाटलेली.

"अर्थिंग गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, माणसाला वाचवायला. इथे त्याच तारेतून पत्र्यात वीज सोडलीय. दार, पायरी, मूठ, सगळी गाडी जिवंत तार. आत बसलेल्याला काही कळत नाही, तारेवरच्या पाखराला कळत नाही तसं. ज्याचे पाय बाहेर ओल्या जमिनीवर आणि हात दारावर, तो मेला. वस्ताद रोज दारात पाय धुतात, हे कुणाला माहीत नव्हतं? आणि गळती तोडणारा स्विच नाही, हे तर फाटकावर रंगवून ठेवलंय."

"कुणी केलं?" हातोड्याने विचारलं.

"वस्ताद धावायला गेल्यावर पहाटे एकाने यांच्या खांबाचा स्विच पाडला, अडॅप्टर बदलला, स्विच वर केला. काकींचा पंखा तेवढ्यापुरता थांबला. तुझा नाही थांबला, कारण वीज गेलीच नव्हती. पुढे वस्ताद पडले. आता तो ठोकळा परत काढायला हवा, आणि तळ तर माणसांनी भरलेला. मग काय करायचं? गर्दीला दुसरीकडे रक्त दाखवायचं. तो ओरडला, वायरमनने मारलं. तुम्ही सगळे पंपघराकडे धावलात. तुम्ही एका निरपराध माणसाच्या बरगड्या मोडत होतात, तेव्हा तो चिखलात बसून पट्टी सोडत होता."

गड्यांनी खाली बघितलं.

"तरी एक चूक झाली. धड अडॅप्टर लावून नुसता टाकून दिला असता तर अडॅप्टर बदललाय एवढंच कळलं असतं, कुणी ते नाही. पण उघडा सांधा सोडायला त्याचा हात शिकलाच नाही. जन्मभर बांधत आला. त्याने नवी पट्टी काढली आणि नीट आवळून बांधली. चिखलावरून. पट्टीच्या खाली चिखल कसा असेल? केबल चिखलात पडल्यावर बांधली तरच. उरलेल्या पट्टीने गोणी बांधली."

"आम्ही सगळेच पट्टी बांधतो," मामा म्हणाला. शांतपणे.

"बरोबर. म्हणून मी हात बघितले. इथे सगळ्यांचे सांधे सोललेत. वायरमनला पहिला ठोसा तुझा, सगळ्यात जास्त तुझे, असं तूच म्हणालास. दाखव."

मामाने हात पाठीमागे नेले.

"सकाळी बहिणीच्या दाराला हात लावला नाहीस. लांबून हाक मारलीस, उतरू नकोस म्हणालास. तिला वाचवलंस, एवढी माया होती. नवऱ्याला वाचवलं नाहीस."

काकी एक पाऊल मागे गेली.

बाईने रुमाल सोडून पट्टीचा तो कडक तुकडा काढला आणि हातोड्याच्या तळव्यावर ठेवला. "वस्तादांच्या खिशात होता. ठाण्यावर आणून देणार होते. पट्टीत प्लास्टरची भुकटी भरायची, वरून आवळायची. घामाने भिजली की दगड होते. तुझी मूठ कोण बांधायचा?"

हातोडा त्या तुकड्याकडे बघत राहिला. त्याच्या मुठीच्या गोलाईवर तो बरोब्बर बसत होता.

"तो भट्टीवाला," तो म्हणाला. "मी जपून मारला होता."

"जपूनच मारला होतास."

"तुला काय कळतंय रे," मामा एकदम उसळला. "तुझ्या मुठीत दम उरला नव्हता. सालभरापासून नव्हता. लोक हसायला लागले होते. मंडळी कुणी जगवली? मी जगवली. आणि हा साधुपुरुष निघाला ठाण्यावर, एका पाववाल्यासाठी सगळ्यांच्या तोंडचा घास घालवायला. दहादा सांगितलं, दाजी, नका जाऊ. पाया पडलो. ऐकलं नाही."

बोलता बोलता त्याचा हात मलमाच्या पेटीत गेला. पट्ट्या कापायची वाकडी कात्री निघाली. बाई पुढे झाली तेव्हा कात्री तिच्या दंडात शिरली, हाडाला लागली आणि वळली. तिने दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं. तो तिला वाळूत घेऊन पडला, कात्री उपसली, गळ्याकडे आणली. हवालदार ओरडत धावला, पण हातोडा आधी पोचला. एकच ठोसा. नागड्या मुठीचा. मामाचा जबडा निखळून एका बाजूला लोंबला आणि दात वाळूत सांडले.

हातोड्याने मूठ परत वर घेतली. खाली बेशुद्ध माणूस, आणि ती मूठ आता जपून पडणार नव्हती.

बाई रक्ताळल्या दंडाने मध्ये आली. "आता मारलास तर हा मात्र तुझाच. प्लास्टर नाही, मामा नाही. तुझा."

मूठ उघडली. तो धाडकन वाळूत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. काकी येऊन त्याच्याशेजारी बसली. भावाकडे तिने वळून बघितलं नाही.

दंडाला फडकं बांधून बाई तशीच ठाण्यावर गेली. दुपार व्हायची होती. तिला वाटलं, वेळेत पोचले.

कोठडी उघडून ती म्हणाली की खुनी सापडला, चला, घरी सोडते. वायरमन भिंतीला टेकून बसला होता. हसायचा प्रयत्न केला त्याने. उठला मात्र नाही.

"उभं राहता येत नाही, बाई."

तिने त्याच्या पायांवरचं कांबळं उचललं. दोन्ही तळपाय काळेनिळे, फुगून फुटायला आलेले. त्यांच्यावर एकाशेजारी एक सरळ वळ. त्याच्या उजव्या अंगठ्याला शाई लागलेली होती.

आणि मग ती तुमच्या खोलीत आली, साहेब. सलाम केला नाही. तुम्ही म्हणालात, शाबास, खुनी मिळाला ना, आता बाकीचं उकरू नका, दंडाला टाके घालून घ्या. तुमच्या फरशीवर तिचं रक्त ठिबकत होतं आणि तुम्ही पाय मागे घेतलात.

"टाके नंतर," ती म्हणाली. "त्या मंडळीने मारला, ते मी बघितलंय. डोळा, ओठ, बरगड्या. ते गडी आहेत, कमरेखाली मारत नाहीत. मुठीने तळपायावर सरळ वळ उठतही नाहीत. तो तळावरून निघाला तेव्हा स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढला होता. हवालदाराने बघितलं, मी बघितलं."

ती तुमच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"दंडुका कुणाच्या हातात होता, साहेब, आणि हाण असं त्याला कुणी सांगितलं? नाव सांगा. मी बसलेय."